मानसिक आरोग्याच्या मुलाखतीला दुभाषी कोणता घ्यावा : मेळघाटाच्या निमित्ताने एक पारख

अमरावती जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकरी घरात "त्यानं मागच्या साली औषध घेतलं होतं" असं कुणी सांगितलं, तर पुढचा प्रश्न लगेच विचारावा लागतो : कोणतं औषध, दवाखान्यातलं की फवारणीचं? महाराष्ट्राच्या खेड्यांत कीटकनाशकाला 'औषध'च म्हणतात. 'औषध घेतलं' म्हणजे जीव द्यायचा प्रयत्न केला, हे तिथल्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही अस्खलित बोलणारा, पण खेड्याशी संबंध नसलेला दुभाषी मात्र याचं 'त्याने गोळ्या घेतल्या' असं भाषांतर करून मोकळा होतो. वाक्य व्याकरणात चुकत नाही, ऐकणाऱ्या संशोधकाला काही खटकत नाही, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाची नोंद उपचारांच्या रकान्यात जाऊन बसते.

असं असूनही बहुतेक प्रकल्पांत दुभाष्याची सोय गाडी आणि मुक्कामाच्या सोयीबरोबर, शेवटच्या आठवड्यात होते. म्हणून ही पारख. संशोधनाच्या मुलाखतींसाठी दुभाष्याचे जे पर्याय प्रत्यक्षात हाताशी येतात, त्यांतला कुठला कशासाठी चालतो, कुठला कुठे फसतो आणि चांगला मिळाला तरी त्याच्यावर किती मेहनत घ्यावी लागते, ते इथे मांडलं आहे. जागा मेळघाटची घेतली आहे, म्हणजे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. इथला प्रश्न दुहेरी आहे. प्रश्नावली मुळात इंग्रजीत असते. पुण्या-मुंबईहून किंवा नागपूरहून आलेला संशोधक मराठी बोलतो. समोरची व्यक्ती घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि सरकारी कचेरीत गरजेपुरती मराठी बोलते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीची नातलग. मराठी-हिंदीशी तिचं कुळाचं नातं नाही. २०११च्या जनगणनेत मातृभाषा कोरकू सांगणारे ७ लाख २७ हजार लोक होते, मुख्यतः मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात. म्हणजे भाषा दुर्मीळ नाही. त्या भाषेत मनाच्या आजाराबद्दल नीट विचारू शकणारा दुभाषी दुर्मीळ आहे.

घरातलं माणूस

हा पर्याय फुकट मिळतो आणि नेहमी हजर असतो. नवरा, सासू, शाळेत जाणारी मुलगी. आमच्याकडून पाचपैकी शून्य गुण. बायकोला झोप का लागत नाही हे दारू पिणारा नवरा सांगणार असेल, तर मुलाखत घेऊच नये. आई मरणाबद्दल बोलतेय आणि बारा वर्षांची मुलगी त्याचं मराठी करतेय, हे त्या मुलीवर लादणं आहे. अमेरिकेत आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १५५७ खालच्या नियमांनी लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायला तातडीचा प्रसंग सोडून मनाई केली आहे. आपल्याकडे नियमाची वाट पाहायचं कारण नाही. संशोधनाच्या आराखड्यातच लिहून टाकावं.

आशा ताई

मेळघाटात सगळ्यात आधी हेच नाव सुचवलं जातं, आणि त्याला कारण आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून गावोगावी आशा आहे. ती त्याच गावची, त्याच भाषेची, प्रत्येक घर तिला ठाऊक. रस्ता दाखवायला, ओळख करून द्यायला, मुलाखतीनंतर कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर पाठपुरावा करायला तिच्यासारखं दुसरं कुणी नाही.

दुभाषी म्हणून मात्र ती अवघड जागी सापडते. तिचं रोजचं काम लोकांना सांगण्याचं आहे : लस घ्या, दवाखान्यात बाळंत व्हा, गोळ्या खा. ती सवय मुलाखतीत उतरते. "तुम्ही बाळाला आधी कुणाकडे नेलं?" या प्रश्नाचं "दवाखान्यातच नेलंत ना?" होतं. समोरची बाई भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, गेली असली तरी आशासमोर तसं म्हणणार नाही, कारण त्याच गोष्टीवरून तिने आधी बोलणी खाल्लेली असतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूमकाचं नाव घेतलं तर कुणावर केस होईल अशी धास्तीही मनात असू शकते. दुसरी अडचण गुप्ततेची. आशा प्रामाणिक असली तरी उद्या, परवा आणि पुढची दहा वर्षं ती त्याच गल्लीत राहणार आहे. जे कळू द्यायचं नाही ते तिच्यासमोर बोललंच जात नाही, आणि न बोललेलं ध्वनिमुद्रणात सापडत नाही. तिसरी गोष्ट, तिच्या मानधनाचा बराच भाग कामागणिक ठरतो. तुमच्या मुलाखतीसाठी ती दुपारभर बसली तर तिचं दुसरं काम बुडतं. ते भरून न देणं अन्याय आहे.

दुभाषी म्हणून पाचपैकी दोन, वाटाड्या म्हणून पाचपैकी पाच. ही दोन कामं वेगळी ठेवली की दोन्ही नीट होतात. आशाने घरापर्यंत आणावं, ओळख करून द्यावी आणि मुलाखत सुरू व्हायच्या आत निघून जावं. हे तिला आदल्या दिवशीच समजावून सांगावं, नाहीतर तिला हाकलल्यासारखं वाटतं.

एजन्सीचा दुभाषी

परदेशी संशोधक आणि मराठी बोलणारी व्यक्ती अशी जोडी असेल तर मोठ्या शहरातली एजन्सी कामाची आहे. माणूस वेळेवर येतो, करारपत्र असतं, गुप्ततेच्या कागदावर सही मिळते, आणि प्रथमपुरुषी भाषांतराची ('ती म्हणते' न लावता 'मला झोप लागत नाही' असंच सांगण्याची) शिस्त त्याला आधीच असते. अडतं ते बोलीवर. "आपणास निराशा जाणवते का?" अशी शुद्ध पुस्तकी मराठी वऱ्हाडातल्या ओसरीवर बसून कुणी विचारली, तर समोरून 'हो' येईल किंवा 'नाही' येईल, पण ते उत्तर त्या प्रश्नाचं असेलच असं नाही. उलट दिशेला "मले करमत नाही" याचं इंग्रजी 'कंटाळा आला आहे' असं केलं जातं. 'करमत नाही' यात एकटेपण, जीव न लागणं, कशातच रस न वाटणं, घराची आठवण असं बरंच काही मावतं. संदर्भावरून त्यातलं काय आहे ते पुन्हा विचारावं लागतं, आणि तसं विचारायला हवं हे दुभाष्याला कळायला तो शब्द त्याच्या कानावरून गेलेला असावा लागतो.

कोरकू, पावरी, माडिया अशा भाषांसाठी एजन्सीकडे स्वतःची माणसं असतील असं धरून चालू नका. "करून देऊ" असं उत्तर आलं तर चार गोष्टी लेखी मागाव्या : माणूस कोणत्या तालुक्यातला, भाषा घरातली की शिकलेली, आरोग्याच्या मुलाखती आधी केल्या आहेत का, आणि प्रशिक्षणाच्या दिवसांना तोच माणूस येणार का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. प्रशिक्षणाला एक आणि मुलाखतीला दुसरा असा बदल झाला तर आधीचे सगळे कष्ट वाया जातात. मराठी-इंग्रजीला साडेतीन, कोरकूला एक.

फोन, व्हिडिओ आणि अ‍ॅप

दूरच्या दुभाष्याचा एक मोठा फायदा आहे : तो गावातल्या कुणालाच ओळखत नाही. लैंगिक छळ, घरातली मारहाण, आत्महत्येचे विचार, अशा विषयांवर माणूस कधी कधी फोनवरच्या अनोळखी आवाजाशी जास्त मोकळं बोलतो. पण मेळघाटातल्या अनेक गावांत मोबाइलला रेंज नसते, आणि वाक्याच्या मध्यात आवाज तुटला की अर्धं वाक्य अंदाजाने भरलं जातं. स्पीकरवरचा आवाज कुडाच्या भिंतीतून शेजारी पोचतो. दोन इयरफोन जोडता येतील अशी साधी पिन बरोबर ठेवली तर हा त्रास टळतो. डोळे भरून आले, मान खाली गेली, हे फोनवर दिसत नाही, तेव्हा गप्प बसण्याचा अर्थ संशोधकालाच लावावा लागतो.

बहिऱ्या व्यक्तींच्या मुलाखतीचा विषय निघाला की लोक व्हिडिओवर थांबतात. तिथे एक गोष्ट विसरली जाते. खुणांच्या भाषेत ध्वनिमुद्रण निरुपयोगी, चित्रीकरणच करावं लागतं, आणि चित्रीकरणात चेहरा येतो. निनावीपणाचं आश्वासन संमतीपत्रकात त्याच शब्दांत छापून चालत नाही, वेगळं लिहावं लागतं. खेड्यातल्या ज्या बहिऱ्या माणसाने शाळा पाहिलेली नाही, त्याच्या घरच्या खुणा भारतीय सांकेतिक भाषेपेक्षा निराळ्या असतात, हेही आधी तपासावं.

भाषांतराच्या अ‍ॅपबद्दल थोडक्यात. आदिवासी भाषांसाठी केंद्र सरकारच्या 'आदि वाणी' अ‍ॅपची चाचणी आवृत्ती २०२५ मध्ये आली तेव्हा त्यात संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी या भाषा होत्या. ही चांगली सुरुवात आहे. पण बस्तरकडची गोंडी आणि भामरागडची माडिया एक नव्हे, आणि मनाच्या आजाराची मुलाखत हे कोणत्याही अ‍ॅपवर सोपवायचं काम नव्हे. शिवाय बोललेलं कुठल्या सर्व्हरवर साठतं याचं उत्तर नैतिकता समितीला द्यावं लागेल. गावात जेवणाची वेळ विचारायला वापरावं.

शेजारच्या गावातली, प्रशिक्षण दिलेली व्यक्ती

आमच्या मते मेळघाटासाठी सगळ्यात चांगला पर्याय हाच. पाचपैकी साडेचार, पण पुढे लिहिलेली तयारी केली तरच, नाहीतर दोन. बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेली, घरात कोरकू बोलणारी, मुलाखतीच्या गावापासून चार-सहा गावं लांबची. फार लांबची नको, कारण बोलीत फरक पडतो. त्याच गावची नको, कारण नातीगोती निघतात. तरीही प्रत्येक मुलाखतीआधी नाव न सांगता, फक्त पाडा आणि आडनाव सांगून विचारावं : ओळखीचं घर आहे का? असेल तर दुसरा दुभाषी. याचा अर्थ किमान तीन दुभाषी हवेत, त्यांतल्या दोन बाया. बायांच्या मुलाखतीला बाईच दुभाषी हवी, यावर तडजोड नको. 'अंगावरून पांढरं जातं' ही तक्रार मनावरच्या ताणाशी जोडलेली असू शकते, हे गोव्यात झालेल्या संशोधनातून पुढे आलेलं आहे. पुरुष दुभाषी असला तर ती बाई हे वाक्य बोलत नाही, आणि बोललीच तर तो 'अशक्तपणा आहे म्हणते' असं सांगून पुढे सरकतो.

निवडीची चाचणी सोपी ठेवावी. पाच मिनिटांचं कोरकूतलं बोलणं ऐकवा, मराठीत सांगायला लावा, आणि दुसऱ्या कोरकू जाणकाराकडून तपासून घ्या. शब्द चुकला तर शिकवता येतो. जो उमेदवार "म्हणजे तिला असं म्हणायचंय की..." अशी सुरुवात वारंवार करतो, त्याची ती खोड सुटायला फार वेळ लागतो.

इथे एक प्रश्न आधीच स्वतःला विचारून घ्यावा : दुभाषी हवाच आहे का? ठरलेल्या प्रश्नांची यादीच विचारायची असेल, तर त्याच माणसाला दुभाषी करण्याऐवजी मुलाखतकार म्हणून तयार करावं. गोव्यात 'मानस' चाचणीत (निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली आले) डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसोबत काम केलं. इतकी जबाबदारी पेलता येत असेल तर नऊ प्रश्नांची यादी आपल्या भाषेत नीट विचारणं नक्कीच पेलता येतं. मध्ये माणूस नसला की चुकण्याची एक जागा कमी होते. दुभाष्याची खरी गरज सविस्तर, मोकळ्या मुलाखतीला आणि मनोविकारतज्ज्ञाने स्वतः तपासायच्या मुलाखतीला.

नऊ प्रश्नांत काय काय बिघडतं

पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात असते, म्हणून तिच्यावरच दाखवतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७, साधारणपणे १० किंवा जास्त आले की पुढे तपासायचं. दोन प्रश्नांत एकेक गुण चुकून जास्त पडला तरी ८ चे १० होतात, आणि निरोगी माणूस रुग्णांच्या गटात जातो. उलटही तितकंच सोपं.

पहिला बिघाड उत्तरांच्या पायऱ्यांचा. 'अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज' या चार पायऱ्या दुभाषी दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नानंतर सोडून देतो आणि 'होतं का असं?' एवढंच विचारतो. उत्तर येतं 'होतं'. मग गुण संशोधक अंदाजाने लिहितो. यावर उपाय हातात धरता येईल असा : चौदा चणे किंवा मक्याचे दाणे समोर ठेवा. एक दाणा म्हणजे एक दिवस. ज्या दिवशी त्रास झाला तेवढे बाजूला काढायला सांगा. दोन आठवड्यांची सुरुवात तारखेने सांगू नका; 'दोन बाजार मागे' म्हणा.

दुसरा बिघाड जोडप्रश्नांचा. झोप कमी किंवा जास्त, भूक कमी किंवा जास्त, हालचाल मंद किंवा उलट बेचैन, मेलेलं बरं वाटणं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटणं. दुभाषी पहिलं अर्धं विचारतो. दोन्ही अर्धी वेगळी विचारून, ज्याचे दिवस जास्त त्याचे गुण लिहायचे, असा नियम सगळ्यांसाठी एकदाच ठरवावा. एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरं केलं तर आकडे एकमेकांशी जुळणारच नाहीत.

तिसरा बिघाड उदाहरणांचा. सातव्या प्रश्नात लक्ष लागत नाही हे समजावायला मूळ प्रश्नावलीत वर्तमानपत्र आणि टीव्ही आहेत. ज्या घरात दोन्ही नाहीत तिथे दुभाषी स्वतःचं उदाहरण देतो, आणि प्रत्येक घरात वेगळं देतो. मोहफुलं निवडताना, भाकरी थापताना, गोष्ट ऐकताना, यांतलं एक उदाहरण चाचणी मुलाखतींत तपासून पक्कं करा आणि बदल केल्याची नोंद ठेवा.

नववा प्रश्न सगळ्यात नाजूक. 'देवानं उचलून न्यावं', 'मरण आलं तर सुटेन', 'जीव द्यावासा वाटतो' आणि 'जिवाचं बरंवाईट करीन' ही चार वाक्यं एकाच पायरीवरची नाहीत. पहिली दोन मरणाची वाट पाहणारी आहेत, तिसरीत स्वतः काही करण्याची इच्छा आहे, चौथीत इराद्याची धार आहे. दुभाषी चारही वाक्यांचं 'मरावंसं वाटतं' असं एकच करून देतो. किंवा प्रश्नच विचारत नाही, कारण असं तोंडातून काढणं अशुभ, किंवा विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येईल असं त्याला मनापासून वाटतं. विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही, हे प्रशिक्षणात एकदा सांगून भागत नाही. त्याला तो प्रश्न आपल्या भाषेत मोठ्याने वीस वेळा म्हणायला लावा, जीभ अडखळेनाशी होईपर्यंत.

आणखी एक बिघाड यादीच्या प्रश्नांत दिसत नाही, मोकळ्या मुलाखतीत दिसतो. समोरच्याचं बोलणं तुटक, असंबद्ध असलं की दुभाषी ते नीट लावून देतो. त्याला वाटतं, आपल्याकडूनच काहीतरी निसटलं. न्यूयॉर्कमध्ये मनोविकारतज्ज्ञ लुइस मार्कोस यांनी १९७९ सालीच दाखवून दिलं की दुभाष्यामार्फत तपासताना विचारांतला विस्कळीतपणा असा झाकला जाऊ शकतो. म्हणून सूचना एकच : तुटकं असेल तर तुटकंच सांगा, अर्थ लागत नसेल तर 'अर्थ लागत नाही' म्हणा.

तयारीचे दिवस

दुभाष्याच्या सेवेचा दर्जा मुलाखतीच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांत ठरतो, आणि पैसे मात्र बहुधा मुलाखतीच्या तासाचेच दिले जातात. सगळ्या तक्रारींचं मूळ हे. किमान तीन पूर्ण दिवस प्रशिक्षणाला हवेत आणि त्या तिन्ही दिवसांची मजुरी मुलाखतीच्या दिवसाइतकीच द्यावी.

पहिला दिवस विषयाचा : नैराश्य, चिंता, मनोविकार म्हणजे काय, संशोधन आणि उपचार यांत फरक काय, गुप्तता म्हणजे घरी जेवतानाही न बोलणं. याच दिवशी त्याची स्वतःची मतंही बाहेर येऊ द्यावी. 'आमच्यात असले आजार नसतात' किंवा 'हे सगळं दारूमुळे होतं' असं वाटत असेल, तर ते आधीच कळलेलं बरं. अंगात येणं, बाहेरची बाधा, करणी यांबद्दल बोलताना शिकलेला तरुण कधी लाजतो, शहरातल्या माणसांनी आपल्या लोकांना हसू नये म्हणून हे शब्द गाळतो. ते शब्दच आपल्याला हवे आहेत, आणि त्यांना कुणी हसणार नाही, हे वागणुकीतून दाखवावं लागतं.

दुसरा दिवस शब्दांचा. चाळीस-पन्नास शब्दांची वही करायची : मराठी शब्द, कोरकू शब्द देवनागरीत, आणि तिसऱ्या रकान्यात 'याचा अर्थ काय नाही'. तिसरा रकाना सर्वांत उपयोगी पडतो. 'डोकं फिरतं' म्हणजे चक्कर की राग की वेड, 'जीव घाबरतो' म्हणजे भीती की छातीतली धडधड, हे तिथे लिहिलेलं असतं. कोरकू प्रश्न तयार झाले की मूळ मराठी न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ते परत मराठीत करून घ्यायचे. जिथे परतलेलं वाक्य वेगळं येतं तिथे सगळ्यांनी बसून चर्चा करायची. हिंदी किंवा इंग्रजी शब्द लोकांच्या तोंडी रुळला असेल तर तोच ठेवावा. 'टेन्शन'ला शुद्ध कोरकू शब्द शोधत बसू नये.

तिसरा दिवस सरावाचा. किमान चार लुटुपुटीच्या मुलाखती, सगळ्या ध्वनिमुद्रित, सगळ्या एकत्र ऐकलेल्या. नियम थोडे आणि पक्के : संशोधक एका वेळी एक-दोन वाक्यंच बोलेल, दुभाषी 'मला झोप लागत नाही' असंच म्हणेल, 'तिला झोप लागत नाही म्हणते' असं नाही, स्वतःचं काही सांगायचं असेल तर 'हे माझं' म्हणून सुरुवात करेल, बोलणं लांबलं तर हात वर करून थांबवेल. 'ती म्हणते' सुरू झालं की समजावं, तो सारांश सांगायला लागला आहे किंवा दमला आहे. यानंतर पाच खऱ्या चाचणी मुलाखती, ज्या अभ्यासात मोजायच्या नाहीत.

प्रत्यक्ष दिवशी

एका भाषेत पाऊण तासाची मुलाखत दुभाष्यासह दीड तासाची होते. दिवसाला दोन पुरेत, तिसरी जास्तीत जास्त. चाळीस मिनिटांनी थांबून पाणी प्यावं. बसण्याची जागा तिघांची सारख्या उंचीवर. घरची बाई जमिनीवर आणि दुभाषी खुर्चीवर अशी मांडणी पाहुणचारात आपोआप होते. खुर्ची नम्रपणे बाजूला ठेवून सगळ्यांनी खाली बसावं. संशोधकाने पाहायचं ते समोरच्या व्यक्तीकडे. दुभाषी त्याच्या शेजारी, किंचित मागे. प्रश्नही त्या व्यक्तीलाच विचारायचा. "हिला विचार की..." असं एकदा जरी बोललं गेलं, तर ती बाई स्वतःच्याच मुलाखतीत तिसरी होते.

संमतीपत्रकाचा मुद्दा तपासणीत वारंवार अडकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या संमतीला वाचता येणारा निष्पक्ष साक्षीदार लागतो. दुभाषी तुमच्या चमूतला आहे, त्यामुळे तो साक्षीदार होऊ शकत नाही. साक्षीदार वेगळा आणावा, संमतीपुरता ठेवावा आणि मुलाखतीआधी निरोप द्यावा. दुभाष्याची गुप्ततेची सही वेगळ्या कागदावर, आणि दुभाषी खोलीत असणार आहे ही गोष्ट संमतीपत्रकात स्पष्ट, 'नको' म्हणण्याच्या सोयीसह.

नवव्या प्रश्नाला होकार आला तर काय करायचं, हे दुभाष्यालाही पाठ हवं. प्रश्नावली तिथेच थांबते. इरादा, साधन, घरात फवारणीचं औषध आहे का, एकटेपण, याबद्दल विचारायचं, व्यक्तीला एकटं सोडायचं नाही, ठरलेल्या डॉक्टरला कळवायचं, आणि गरज पडली तर त्याच दिवशी धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक जरूर द्यावा, पण तिथे कोरकूत बोलणारं कुणी मिळेल असं गृहीत धरू नये. फोन लावताना आपला दुभाषी बरोबर असला पाहिजे, आणि गावात रेंज कुठे मिळते तो टेकाडही आधीच माहीत असला पाहिजे.

नंतरची तपासणी

ध्वनिमुद्रणात दोन्ही भाषा पूर्ण हव्यात, नुसती मराठी उतरवून चालत नाही. तीन रकाने करावे : कोरकूत काय बोललं गेलं, दुभाष्याने त्या वेळी काय सांगितलं, आणि दुसऱ्या जाणकाराने सावकाश केलेलं मराठी. एका तासाच्या मुद्रणाला एका माणसाचा अख्खा दिवस जातो, कधी दीड. सगळ्यांचं शक्य नसेल तर दहातली एक मुलाखत चिठ्ठी टाकून निवडावी. पण प्रत्येक दुभाष्याच्या पहिल्या दोन तरी तपासाव्याच, आणि त्याही त्याच आठवड्यात, म्हणजे चूक पुढच्या तीस मुलाखतींत जात नाही. फरक सापडला की दुभाष्याला बोलावून विचारावं. अनेकदा त्याचंच बरोबर निघतं, कारण त्याने चेहरा पाहिलेला असतो.

मुलाखत संपल्यावर वीस मिनिटं दुभाष्यासाठी ठेवावी. आधी शब्दांबद्दल : कुठे अडलं, कुठला शब्द नवा आला, वहीत काय भरायचं. मग त्याच्याबद्दल. मेळघाटात बाळ गेलेल्या आईची मुलाखत म्हणजे दुभाष्याने 'माझं बाळ गेलं' हे स्वतःच्या तोंडाने म्हणणं. दिवसातून दोनदा असं म्हणणाऱ्या माणसाच्या झोपेवर परिणाम होतो. त्याच्यासाठी समुपदेशकाचा एक नंबर आणि 'आज नको' म्हणायची मुभा, तीही त्या दिवसाची मजुरी न कापता, करारात लिहावी. होळीचा आठवडा करारातून वगळावा. कामासाठी बाहेर गेलेले लोक तेव्हा गावी परततात आणि कोरकू घरांत तो वर्षाचा सर्वांत मोठा सण असतो.

चमू निघून गेल्यावर बाजारात लोक दुभाष्यालाच गाठतात : "त्या दिवशी लिहून नेलं त्याचं काय झालं? काही मिळणार का?" त्याला काय सांगायचं हे कुणी ठरवून दिलेलं नसेल तर तो ओशाळून रस्ता बदलतो. म्हणून मराठी आणि कोरकूत एका पानाचं उत्तर त्याच्याजवळ द्यावं, आणि निष्कर्ष सांगायला गावात परत यायचा दिवस ठरवून त्या दिवसाची मजुरी त्याला आधीच देऊन ठेवावी.